एकाच आगबोटीतले दोन शेजारी : मुंबईतली गावाची खोली आणि गोंयकारांची कूड (दीर्घ धागा)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्याहून मुंबईकडे निघालेली आगबोट वाटेत वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत येई. वेंगुर्ल्याला किंवा मालवणला बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. कुडाळजवळच्या पिंगुळीचा माणूस यांपैकी एखाद्या बंदरापर्यंत चालत किंवा बैलगाडीने येई आणि डेकवर पथारी टाकी. त्याच डेकवर त्याच्या आधीपासून बसलेला असे बार्देश-साष्टीतला ख्रिस्ती गोंयकार. दोघांजवळ एकेक पत्र्याची पेटी. दोघांची बोली एकमेकांना बरीचशी उमगणारी. दोघांच्या घरी भाताची चार कुणगी, माडाची झाडे आणि वर्षभर न पुरणारे धान्य. मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर मात्र एक परळ-लालबागची वाट धरी, दुसरा धोबीतलावची.

आजचा धागा या दोन वाटांविषयी आहे. सारख्या दारिद्र्यातून, शेजारच्या गावांतून, एकाच शहरात आलेले हे दोन समाज. दोघांनी मुंबईत जवळजवळ एकाच साच्याची संस्था उभी केली. तरीही शंभर वर्षांनी त्यांची आर्थिक-सामाजिक स्थिती इतकी वेगळी का दिसते?

या प्रश्नाचे एक आयते उत्तर दोन्हीकडच्या गप्पांत ऐकू येते. गोंयकार मौजी पण जग पाहिलेला, कोकणी माणूस भिडस्त, आहे त्यात समाधान मानणारा, गणपतीला गावी गेला की सगळे विसरणारा. स्वभावाच्या या गोष्टी सांगायला सोप्या असतात; इतिहासाचे काम त्यांनी भागत नाही. स्वभाव पाहण्याआधी दारे पाहावी लागतात: शहराने कोणासाठी कोणते दार उघडले, आणि त्या दारातून शिरताना कोणाच्या हाती काय होते.

अशी तुलना जगात इतरत्रही केली जाते. इटलीत १९९१ नंतर मोठ्या संख्येने आलेले अल्बेनियन आणि चीनच्या वेन्झो परिसरातून आलेले चिनी ही नेहमीची जोडी. अल्बेनियन माणूस बहुधा बांधकामावर, शेतावर, लोकांच्या घरी मजुरीला लागला, भाषा लवकर शिकला आणि देशभर विखुरला. चिनी कुटुंबांनी प्रातोसारख्या कापडाच्या शहरात स्वतःचे कारखाने थाटले. मालक, कामगार आणि सावकार पुष्कळदा एकाच गोतावळ्यातले. तिथेही लोक ‘चिनी कष्टाळू, अल्बेनियन उनाड’ अशी सोपी उत्तरे देतात. पण समुद्र ओलांडला की मायदेशी पोचणारा, दुसऱ्याच्या दारी मजुरी शोधणारा शेजारी आणि नातेवाइकांच्या भांडवलावर, नातेवाइकांच्याच कारखान्यात येणारा दूरदेशीचा माणूस यांच्या वाटा मुळातच वेगळ्या होत्या. हे पक्के ध्यानात ठेवून मुंबईकडे यावे.

आधी एक खुलासा, कारण आकड्यांशी खेळताना इथे हमखास चूक होते. १९४८ पर्यंत पिंगुळी आणि कुडाळ सावंतवाडी संस्थानात होते, तर मालवण, वेंगुर्ले, देवगड ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग जिल्हा तर १९८१ चा. म्हणून जुन्या जनगणनांतला ‘रत्नागिरीत जन्मलेले’ हा आकडा वाचताना सावंतवाडीचे लोक त्यात धरलेले नाहीत हे लक्षात घ्यावे लागते. आणि ‘गोंयकार’ म्हणताना या धाग्यात मुख्यतः बार्देश, तिसवाडी, साष्टी या जुन्या काबिजादींतले कॅथलिक अभिप्रेत आहेत. गोव्यातले हिंदूही मुंबईत आले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच वाटेने आल्या. पण त्यांची कहाणी निराळी आहे आणि ती वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे.

गाव सोडायला लावणारी कारणे दोन्हीकडे जमिनीत होती. रत्नागिरी जिल्ह्याच्या मोठ्या भागात खोती होती. कूळ पिकवी, खोत वाटा नेई, आणि वर वेठ असे ती निराळीच. या व्यवस्थेविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. गोव्यात गावकरीची, म्हणजे कोमुनिदादीची सामाईक जमीन होती. पण तिच्या उत्पन्नात हिस्सा होता तो मूळ गावकऱ्यांच्या वंशातल्या पुरुषांना. बाकीचे मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे. त्यांच्या डोक्यावर छप्पर होते ते भाटकाराच्या मर्जीवर.

गोव्याला आणखी एक धक्का बसला. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्याने गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा ताबा आला. बदल्यात मुरगावचे बंदर आणि घाटावर जाणारी रेल्वे मिळाली. मिठागरांवर पोट असलेल्यांची उपासमार झाली आणि करार १८९२ साली संपला तरी गेलेली माणसे परतली नाहीत. उलट नव्या रेल्वेने लोंढ्यावरून पुणे-मुंबईची वाट सोपी करून दिली. म्हणजे गोंयकाराला आगबोटीच्या जोडीने आगगाडीही मिळाली. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की तिचे मोल कळे. कुडाळ-पिंगुळीच्या माणसाला मात्र पावसाळ्यात घाट चढून कोल्हापूर गाठावे लागे. त्याच्या दारात रेल्वे यायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडले.

मुंबई त्या काळी बाहेरच्यांचीच होती. १९२१ च्या जनगणनेत दर सहा मुंबईकरांपैकी पाच शहराबाहेर जन्मलेले होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शहराचा सुमारे एक-पंचमांश भाग एकट्या रत्नागिरी जिल्ह्याने पुरवलेला होता. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे. हा शेवटचा आकडा पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली आहे. शहरात एकट्या पुरुषांचे लोंढे होते, आणि एकट्या पुरुषाला झोपायला जागा, जेवायला ताट आणि मेल्यावर खांदा द्यायला चार माणसे लागतात.

कोकणातल्या माणसाने यावर काढलेला तोडगा म्हणजे गावाची खोली. एखाद्या गावाच्या, कधी एखाद्या वाडीच्या किंवा भावकीच्या नावाने चाळीत एक खोली भाड्याने घेतलेली असे. दहा-बारा फुटांच्या त्या जागेत वीस-तीस माणसांचा संसार मावे, कारण सगळे एकाच वेळी तिथे नसत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पेट्या, खुंटीवर कपडे. भाडे वर्गणीतून. जेवण शेजारच्या खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. उकाड्यात आणि गर्दीत निम्मी माणसे गॅलरीत किंवा रस्त्याच्या कडेला झोपत. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतही हाच क्रम चालू राहिला. खोलीच्या जोडीला ग्रामस्थ मंडळ असे. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, कोणाचे आजारपण, कोणाचे मर्तिक यांचा खर्च तिथे ठरे, आणि गावातले तंटेही पुष्कळदा तिथेच मिटत किंवा पेटत.

गोंयकाराची कूड हिची सख्खी बहीण शोभावी. कोंकणीत कूड म्हणजे खोली; मुंबईत तिला ‘क्लब’ असेही म्हणत. धोबीतलाव, कावेल, डाबूल, माझगाव या भागांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या, प्रत्येक एकेका गावाची. मोठ्या दालनात भिंतीलगत पेट्यांच्या रांगा. प्रत्येक सभासदाची एक पेटी आणि पेटीसमोरची जागा हेच त्याचे घर. एका भिंतीला वेदी, तिच्यावर गावच्या पाठीराख्या संताची मूर्ती. संध्याकाळी तेर्साची, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेची वेळ ठरलेली, आणि हजर असलेल्याने ती चुकवायची नाही असा दंडक. दारू पिऊन दंगा केला तर दंड. महिन्याची वर्गणी अगदी थोडी. वर्षातून एकदा गावच्या संताचे फेस्त, जेवणावळ, बँड. स्त्रियांना बहुतेक कुडींत राहायला मज्जाव.

दोन्ही संस्था समोरासमोर ठेवल्या की साम्य डोळ्यांत भरते, पण एक फरक निसटू नये. गावाची खोली बहुधा तोंडी विश्वासावर चाले. भाडेपावती एखाद्या ज्येष्ठाच्या नावावर असे, आणि तो गेल्यावर त्याच्या मुलांनी खोली स्वतःची म्हणून दाबल्याची भांडणे गिरणगावात काही कमी झाली नाहीत. कुडीचे नियम लिहिलेले असत, सभासदांची वही असे, पदाधिकारी निवडले जात. चर्चच्या कोन्फ्रारियांत गोंयकाराला ही सवय पिढ्यान्‌पिढ्या लागलेली होती. त्यामुळे भाडेकरारांचे तंटे आणि बिल्डरांचे दडपण सोसूनही काही कुडी आजवर तग धरून आहेत.

दोन्हीकडे एक अवघड गोष्ट सारखीच होती. एका गावाची एकच कूड असे असे नाही; वाडा आणि जात यांवरून त्या वेगळ्या होत. गिरणगावात तर जात खोलीच्या आतही होती आणि गिरणीच्या आतही. विणाई खात्यात नवी कांडी लावताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे ‘विटाळा’चे कारण पुढे करून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्याबाहेर ठेवले जाई. विणाईत पगार जास्त होता, म्हणजे विटाळाची ही किंमत दर महिन्याला रुपयांत मोजली जात होती. एकाच तालुक्यातून, एकाच बोटीने आलेला मराठा आणि महार यांच्यातले हे अंतर पाहिले की ‘कोकणी स्थलांतरित’ हा एक शब्दही अपुरा वाटू लागतो.

आता दारांकडे. ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत परळ, लालबाग, डिलाईल रोड हा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. गिरणीत माणूस लावणारा असे मुकादम. तो आपल्या गावचा, आपल्या भावकीचा माणूस आणी, त्याच्याकडून दस्तुरी घेई, प्रसंगी त्याला खोली आणि उधारीही मिळवून देई. मालकाला हे सोयीचे, कारण माणसांचा पुरवठा आणि शिस्त दोन्ही मुकादमावर सोपवता येई. कामगारालाही सोयीचे, कारण लिहितावाचता येण्याची, इंग्रजीची, कोणत्याही दाखल्याची गरज नव्हती. दोन हात आणि एक ओळख पुरे. हे दार रुंद होते, म्हणून लाखो माणसे त्यातून आत गेली. मात्र आत गेल्यावर वर जाण्याचा जिना अरुंद होता: बदली, कायम कामगार, फार तर जॉबर. हजारो बदलीवाले रोज सकाळी दारावर उभे राहत आणि काम न मिळाल्यास खोलीवर परतत.

अपवाद होते. टोप्यांच्या व्यापारात नाव कमावलेले अनंत शिवाजी देसाई ‘टोपीवाले’ झाले आणि मालवणच्या हायस्कुलाला त्यांचे नाव लागले. पण अशा नावांची यादी लांबत नाही.

गोंयकारापुढची दारे अरुंद होती आणि वेगळ्या ठिकाणी होती. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश फौजा काही वर्षे गोव्यात राहिल्या. साहेबाच्या स्वयंपाकघराशी गोंयकाराची ओळख तेव्हापासूनची असे सांगतात. मुंबईत तो आचारी, बटलर, शिंपी, बेकरीवाला झाला. गोमांस आणि डुकराचे मांस रांधायला त्याची ना नव्हती, मद्य वाढायलाही नव्हती, आणि युरोपीय घरांना, क्लबांना, जहाजांना नेमका असाच माणूस हवा होता. इथे धर्माने त्याला बाजारात एक जागा मिळवून दिली. ती त्याने मागितलेली नव्हती. तीनशे वर्षांपूर्वी त्याच्या पूर्वजांच्या धर्मांतरामागे किती सक्ती होती हे सर्वश्रुत आहे, आणि त्याच इतिहासाचा एक परिणाम असा अनपेक्षित ठिकाणी पगाराच्या रूपाने पुढे आला.

जहाजांवरची विभागणी तर या धाग्यातला सर्वांत बोलका पुरावा. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर सलूनमधली, म्हणजे जेवणघर, केबिन आणि मुदपाकखान्यातली माणसे प्रामुख्याने गोंयकार असत. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरी किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने असत. इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण. एकाच किनाऱ्याची दोन माणसे एकाच जहाजावर महिनोन्‌महिने असत. पण एक साहेबाच्या टेबलाशी, दुसरा दोरखंडाशी. टेबलाशी असणाऱ्याला इंग्रजी येई, बक्षिसी मिळे, आणि पुढच्या नोकरीसाठी साहेबाची चिठ्ठी मिळे.

त्याहून मोठी शिदोरी चर्चच्या शाळेची. गोव्यात प्रत्येक मोठ्या गावाच्या चर्चला जोडून एक शाळा असे. तिथला मेस्त्री मुलांना सोल्फा शिकवी, नोटेशन वाचायला लावी आणि व्हायोलिन हाती देई, कारण चर्चला गायक-वादक हवे असत. गरीब मुंडकाराच्या मुलालाही ही विद्या फुकट मिळे. मुंबईला बँड लागत होते: पोलिसांना, संस्थानिकांना, हॉटेलांना, मूकपटांच्या थिएटरांना, पुढे बोलपटांना. आल्दोनाचा आंतोनियो शाव्हिएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहू लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. ‘अमर अकबर अँथनी’तले नाव या गुरूचे.

आणखी एक लक्षणीय गोष्ट. पोर्तुगीज गोव्यातल्या बार्देशात, हडफड्यात, १८८७ साली सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा निघाली. राज्य पोर्तुगीजांचे, घरची भाषा कोंकणी, आणि गावकऱ्यांना हवी इंग्रजी, कारण नोकऱ्या मुंबईत, कराचीत आणि पूर्व आफ्रिकेत होत्या. पुढे सारा बार्देश अशा शाळांनी भरला. आधी बाहेर गेलेल्यांच्या पैशाने शाळा चालल्या आणि शाळांनी पुढचे बाहेर धाडले. मालवण-कुडाळकडेही मनीऑर्डरी येत होत्या, पण त्या दाणागोट्यात, सारा-फाळ्यात, सावकाराच्या व्याजात आणि देवळाच्या वर्गणीत संपत. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की त्याला गिरणीत ‘लावायचा’, मुकादम गावचाच. इंग्रजीवाचून दार उघडत असताना इंग्रजीवर पैसा कोण घालील? कोकणी माणसाला शिक्षणाची ओढ नव्हती असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

हे सारे वाचून गोंयकार सुखात होता असे चित्र उभे राहू नये. जहाजावरची नोकरी एका फेरीपुरती असे. फेरी संपली की पुढच्या बोलावण्यापर्यंत महिनोन्‌महिने कुडीत बसून राहायचे आणि साठवलेले खायचे. बदली कामगाराचे गिरणीच्या दारावर उभे राहणे आणि तारवटीचे पेटीवर बसून राहणे यांत फारसा फरक नाही. बटलर-आचाऱ्यांना मुंबईतल्या लोकांनी ठेवलेली टिंगलीची नावेही होतीच. कोकणी नोकराला साहेब आणि शेटजी सरसकट ‘रामा’ म्हणत, त्याचे खरे नाव काहीही असो.

शिवाय कोकणी कामगाराजवळ एक बळ होते जे गोंयकाराजवळ जवळजवळ नव्हते: संख्या आणि संघटना. टिळकांना शिक्षा झाली तेव्हा जुलै १९०८ मध्ये गिरणगाव सहा दिवस बंद राहिले. १९२८ चा संप सहा महिने चालला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच लोक रस्त्यावर होते. शहराचे राज्यकर्ते त्यांना ओळखून असत. गोंयकार शहरभर विखुरलेला, स्वयंपाकघरात एकेकटा, समुद्रावर पाचशे कोस दूर. त्यातून १९४७ नंतर तो कायद्याने परका झाला. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. बायकामुले सीमेपलीकडे, पगार अलीकडे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत ही कोंडी टिकली.

स्त्रियांचा भाग या इतिहासात नेहमी शेवटी येतो आणि इथेही तो उशिरा येत आहे, हे खरे. दोन्हीकडे घर, शेत, म्हातारी माणसे आणि कर्ज हे सारे गावी राहिलेल्या बाईने सांभाळले. गिरणीचा पगार एका माणसाला मुंबईत आणि कुटुंबाला गावी जगवण्याइतकाही नव्हता. भात लावणारी, गुरे राखणारी, काजू वेचणारी बाई कुडाळला राबत होती म्हणून मालकाला तो पगार कमी ठेवणे परवडत होते. मुंबईत आलेल्या कोकणी-घाटी बायकांनी गिरण्यांत काम केले. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा त्यांचा होता, पुढे तो घटत गेला. अनेकींनी खानावळी चालवल्या. या खानावळवाल्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेणारे अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ साली स्थापन झाले, आणि त्याच्या संस्थापक प्रेमा पुरव या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या. दोन वाटा एकमेकींना छेदल्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. गोव्याकडच्या बायका आया म्हणून आल्या. त्यांच्या मुली-नाती परिचारिका, शिक्षिका, टायपिस्ट झाल्या. पगारदार मध्यमवर्गात शिरण्याची गोंयकारांची शिडी बरीचशी या मुलींनी धरलेली होती.

करमणुकीचे बोलायचे तर पहिले तियात्र ‘इटालियन भुरगो’ गोव्यात झालेच नाही. ते १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झाले. मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर मान मिळवून देणारे ‘वस्त्रहरण’ही १९८० साली मुंबईतच उभे राहिले. गावापासून तुटलेल्या माणसांनी गावची भाषा शहरात रंगमंचावर चढवली, दोन्ही वेळा.

मग फाटा नेमका कुठे फुटला? उत्तर १९८२ मध्ये आहे. १८ जानेवारीला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कामगार हरले आणि एकेक गिरणी बंद पडत गेली. विणकराची वीस वर्षांची हातोटी एका यंत्रापुरती होती. यंत्र भंगारात गेले तेव्हा तीही गेली. चाळीशी-पन्नाशीतले पुरुष भाजी विकू लागले, पहारेकरी झाले किंवा पेटी घेऊन गावी परतले. संघटनेचे जे बळ होते तेही त्या एकाच उद्योगाला बांधलेले होते.

गोंयकाराचे उद्योगही बुडाले होते, हे विसरू नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतले बँड बंद पडले. वादक सिनेमाच्या स्टुडिओत गेले. विमाने आली आणि प्रवासी बोटी संपल्या. तारवटी तेलवाहू जहाजांवर, आखातातल्या हॉटेलांत, पुढे क्रूझवर गेला. मुक्तीपूर्वीच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला, त्यावर अनेक कुटुंबे युरोपात पोचली. इंग्रजी, स्वयंपाक, नोटेशन, जहाजाची शिस्त ही सारी उचलून नेता येणारी विद्या होती. एक दार बंद झाले तेव्हा ती दुसऱ्या दाराशी कामी आली. कोकणी मुसलमानांनाही समुद्राची आणि आखाताची वाट परिचित होती. त्यांच्या गावांतली पक्की घरे त्याची साक्ष देतात. गिरणीत गेलेल्या हिंदू कुटुंबांची पडझड त्यामुळेच अधिक खोल झाली.

पिंगुळीतच या मुद्द्याची आणखी एक कसोटी सापडते. इथला ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या कलांचा धनी. सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय, देवळांतून ठरलेले खेळ, पिढीजात जपलेल्या चित्रांच्या पोथ्या. कौशल्य म्हणून पाहिले तर चित्रकथ्याचे शिक्षण साष्टीतल्या व्हायोलिनवाल्यापेक्षा काडीनेही कमी नव्हते: चित्र काढणे, शेकडो प्रसंग मुखोद्गत असणे, वीणा-हुडुक वाजवणे, गाणे, निवेदन. पण वसाहतीच्या मुंबईने व्हायोलिन विकत घेतले आणि चित्रकथी घेतली नाही. संस्थान गेले, आश्रय आटला, आणि कलेचा प्रेक्षक असलेला गावकरी मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागला. जमीन नाही, मुकादमाशी नाते नाही, अशा ठाकरांची परवड झाली. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत बाहुल्यांचे आणि पोथ्यांचे संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मधली कित्येक दशके या विद्येला गिऱ्हाईक नव्हते.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. देश वाढत असताना हा जिल्हा घटला. आणि आता कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्गकडची तरुण पोरे कामासाठी मुंबईची वाट धरतातच असे नाही. ती सकाळी मोटारसायकलवर बांद्याची सीमा ओलांडून गोव्यातल्या औषध कारखान्यांत आणि हॉटेलांत जातात, आजारी माणसाला बांबोळीच्या इस्पितळात नेतात, मोपाच्या विमानतळावर नोकरीचे अर्ज भरतात. ज्या शेजाऱ्याबरोबर आजोबांनी डेकवर पथारी टाकली, त्याच्या गावी नातू भाड्याची खोली शोधत आहे. चौघांत मिळून एक.